दोरीवरचे कापड

(तिवसा येथील प्रौढ साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज मी फळ्यावर विषय लिहिला, पण तुम्ही तो मोठ्याने वाचला नाही. एरवी खडू फळ्यावरून उचलला की तुम्ही एका सुरात वाचता. 'कापूस' वाचता, 'सोयाबीन' वाचता. परवा तर 'ग्रामपंचायत' हा लांबलचक शब्दही न अडखळता वाचलात. आज मी 'मासिक पाळी' हे दोनच शब्द लिहिले. त्यात एकही जोडाक्षर नाही. तरी सारा वर्ग गप्प. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. दोघे-तिघे गडी "बैलं बांधाचे हायेत" म्हणून उठू लागले. रात्रीच्या आठ वाजता कोणाचे बैल बांधायचे राहिले आहेत, ते मला ठाऊक नाही. बसा, बाबांनो, बसा. आजचे अर्धे भाषण तुमच्यासाठीच आहे.

मागे बसलेल्या आजी विचारतात, "मास्तर, हे बायाइचं बोलनं तुमी काहून बोलता?"

आजी, तुमचे विचारणे रास्त आहे. आपल्या आशाताई बायांना बाजूला घेऊन हे सांगत असतात. बाया ऐकतात, मान हलवतात आणि घरी जातात. पण घरी पैशाची पिशवी कोणाकडे? गड्याकडे. न्हाणी कोठे बांधायची, तिला दार लावायचे की नाही, हे कोण ठरवतो? गडी. अंगणात दोरी कोण बांधतो? तोही गडीच. आणि गड्याला यातले काहीच ठाऊक नसते. मग आशाताईंचे सांगणे बायांच्या कानाशीच राहून जाते. म्हणून आज सर्वांसमक्ष बोलायचे ठरवले.

दुसरेही एक कारण आहे. माझ्या डोक्यावर एक जुने कर्ज आहे. ते आधी सांगतो.

मी जुना मॅट्रिक. खेड्यातल्या शाळेवर मास्तर म्हणून लागलो आणि मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. १९९१ च्या सुमाराची गोष्ट. मी सातवीला गणित शिकवत होतो. वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव सांगत नाही. भागाकारात तिचा हात धरणारा मुलगा वर्गात नव्हता. एक दिवस मी फळ्यावर उदाहरण घातले आणि तिला पुढे बोलावले. ती उठली नाही. पुन्हा बोलावले. ती मान खाली घालून बसून राहिली. मला वाटले, पोरगी शेफारली. मी ओरडलो, "बहिरी झालीस का? ऊठ!"

ती उठली. तिच्या निळ्या स्कर्टला मागून डाग पडला होता. मागच्या रांगेतली मुले हसली. मुलींनी माना खाली घातल्या. ती तशीच दारातून बाहेर गेली. दप्तरही नेले नाही.

मला तेव्हाही नीट कळले नाही. घरी येऊन मंडळींना सांगितले. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणे तसेच धरून माझ्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "ते पोरगी काहून उठत नव्हती, एवढंबी तुमाले समजलं नाई? दोन पोरीचे बाप हा तुमी!"

दप्तर दुसऱ्या मुलीच्या हाती पाठवून दिले. ती मुलगी काही परत शाळेत आली नाही. चार-सहा महिने हजेरीपटावर 'गैरहजर' लिहिले, आणि मग नाव कमी केले. दाखल-खारीज रजिस्टरात शाळा सोडण्याचे कारण लिहिण्याचा एक रकाना असतो. त्यात मी माझ्या हाताने, चांगल्या अक्षरात, 'घरकाम' असे लिहिले. ते रजिस्टर आजही त्या शाळेच्या कपाटात असेल.

आता पाळी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. बाईच्या ओटीपोटात गर्भाशय नावाची एक पिशवी असते. रिकामी असताना ती बंद मुठीपेक्षा मोठी नसते. मूल राहिलेच तर त्याला मऊ बिछाना हवा, म्हणून ही पिशवी दर महिन्याला आतून एक अस्तर तयार करते. मूल राहिले नाही, तर त्या अस्तराची गरज उरत नाही. ते सुटून रक्ताबरोबर बाहेर पडते. हीच पाळी. पुन्हा नवे अस्तर, पुन्हा तेच. चार-पाच दिवसांत मिळून साधारण तीस-चाळीस मिलीलिटर रक्त जाते. टपरीवरच्या लहान चहाच्या कपाचा निम्मा कप समजा. बाया म्हणतील, एवढेच? हो, एवढेच. कापडावर पसरले की जास्त दिसते.

हे रक्त घाण नाही, नासके नाही, शापाचे नाही. आपण सगळे नऊ महिने त्याच बिछान्यावर निजलो आहोत. चोखोबांचा जन्म आपल्या वऱ्हाडातल्या मेहुणाराजाचा, असे मानतात. त्यांचे कुटुंब सोयराबाई. सुमारे सातशे वर्षांपूर्वी त्या माउलीने आपल्या अभंगात हाच सवाल केला होता. ज्याला तुम्ही विटाळ म्हणता, त्याच्यावाचून कोणाचा देह घडला आहे, दाखवा. त्या काळी एका गरीब बाईला हे देवापुढे उभे राहून बोलता आले, आणि मला मॅट्रिक होऊनही वर्गात समजले नाही.

विटाळ पाळायचा की नाही, कोणी दूर बसायचे की नाही, यावर मी आज वाद घालणार नाही. माझे मत तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या घरी सुना त्या दिवसांतही स्वयंपाक करतात आणि मी जेवतो. पण ज्यांच्या घरी अजून पाळतात, त्यांनीही आजचे ऐकावे. कारण दूर बसलेल्या बाईलाही कापड लागतेच.

आता कापडाकडे येतो.

आपला मुलूख कापसाचा. वावरात पऱ्हाटी, अंगणात सरकी. दिवाळीपासून आपल्या बाया कमरेला ओटी बांधून कापूस वेचतात. पण त्याच बाईला पाळीसाठी घरात सुती चिंधी शोधायला सांगा. सापडत नाही! पूर्वी घरात सुती लुगडी होती. लुगडे धुऊन धुऊन मऊ झाले की त्याची गोधडी होई, लेकराचे लंगोट होत, आणि पाळीचे फडकेही होई. ते फडके रक्त शोषून घेई. आज साड्या नायलॉनच्या आणि पॉलिस्टरच्या. दिसायला झकपक, टिकायला चिवट, पण ओल म्हणून शोषत नाहीत. रक्त वरच्या वर राहते आणि कपड्याला लागते. ऊनपाण्यात दिवसभर चालून त्या कापडाने मांड्या सोलून निघतात. कापूस सगळा जिनिंगला गेला, आणि वेचणारीच्या वाट्याला प्लॅस्टिकचे कापड आले.

पण खरी चूक याच्या पुढे आहे. माझ्या लहानपणची आठवण सांगतो. आमच्या कोठ्यात, गव्हाणीच्या मागे, एक रिकामे पोते नेहमी वळईवर टाकलेले असे. एकदा पतंगाला शेपूट करायला चिंधी हवी होती, म्हणून मी ते पोते ओढले. खाली आईची फडकी वाळत होती. वाळत कसली, कोंदटत होती. ओली, काळपट, कुबट वासाची. मी एक घेऊन बाहेर आलो आणि मार खाल्ला. का मार बसला, हे कोणीच सांगितले नाही. आज कळते की मार मला नव्हता, त्या पोत्याखाली जे झाकायचे होते त्यासाठी होता.

डोळे झाकून आपापले घर आठवा. साडीखाली, पलंगाखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात, गोवऱ्यांच्या मागे. तिथे ऊन पोचत नाही, वारा पोचत नाही. ओलसर कापडात रोगजंतू वाढतात, बुरशी धरते. तेच कापड बाई पुन्हा घेते, आणि तेही शरीराच्या सर्वांत नाजूक जागी. मग खाज सुटते, चट्टे येतात, लघवीला जळजळ होते, अंगावरून वास मारणारे पाणी जाते. हे दुखणे ती कोणाला सांगत नाही, कारण ज्या लाजेने कापड पोत्याखाली घातले, तीच लाज तोंडावरही हात ठेवते.

म्हणून एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. कापड वापरणे हा दोष नाही. आजही आपल्या देशात कितीतरी बाया कापड वापरतात. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने घरोघरी जाऊन आरोग्याची पाहणी केली. तीत पंधरा ते चोवीस वर्षांच्या बायांना विचारले, तेव्हा शंभरातल्या निम्म्या जणींनी कापड वापरतो असे सांगितले. त्यातल्या बऱ्याच जणी कधी कापड, कधी विकतचे पॅड, असे दोन्ही वापरतात. तर कापड वाईट नाही. अंधारात वाळवलेले कापड वाईट आहे. आणि ऊन तर आपल्याकडे फुकट आहे. वैशाखात तर नको इतके!

घडी कशी करावी, ते आता सांगतो. हे माझे शहाणपण नाही. मंडळींनी मला शिकवले, आणि मी वहीत उतरवून घेतले. गडी माणसांनीही ऐका, घरच्या मशीनवर शिवून द्यायला कोणी मना केले नाही.

जुनी सुती चादर, धोतर, बनियन, असे मऊ कापड घ्यावे. रंगीत चालेल, पण रंग सुटणारे नको. कापड आधी स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवावे. मग दोन वस्तू कराव्या. पहिली म्हणजे खोळ. एक वीत आणि वर दोन-तीन बोटे लांब, चार बोटे रुंद. तिच्या दोन्ही बाजूंना छोटे पंख ठेवावे आणि त्यांना टिचबटण लावावे, म्हणजे ती चड्डीला खालून अडकते, सरकत नाही. दुसरी वस्तू म्हणजे आतला रुमाल. रुमालाच्या पाच-सहा घड्या करून तो खोळीत घालावा. कोणी म्हणेल, सगळे एकत्रच जाड शिवून का टाकू नये? नको. जाड शिवलेली घडी वरून वाळते आणि आत ओली राहते. रुमाल निघाला की उलगडतो, धुतला जातो, आणि तासा-दोन तासांत खडखडीत वाळतो. असे सहा-आठ रुमाल आणि तीन खोळी असल्या की एका बाईचे भागते.

दर चार-सहा तासांनी रुमाल बदलावा. रक्त कमी दिसले तरी बदलावा. धुताना आधी थंड पाण्यात बुडवावा. गरम पाणी घातले की डाग पक्का बसतो. मग साबण लावून चोळावा, भरपूर पाण्यात खळबळावा आणि उन्हात टाकावा. पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन पडत नाही, तेव्हा वाळत आलेल्या रुमालावर गरम इस्त्री फिरवावी. वाळलेले रुमाल एका स्वच्छ पिशवीत ठेवावे. भिंतीच्या भोकात, छपराच्या सांदीत खुपसून ठेवू नये. तिथे पाली आणि विंचू आधीच बिऱ्हाड करून असतात. वर्षभराने कापड विरते, तेव्हा नवे करावे.

आता विकतच्या पॅडाचे पाहू. तुम्हाला वाटेल, ही शहरातली थेरं. तर ऐका. पहिले महायुद्ध चालू होते तेव्हा जखमी शिपायांसाठी लाकडाच्या लगद्यापासून कापसासारखी पट्टी तयार करत. ती रक्त फार चांगले शोषी. दवाखान्यातल्या परिचारिकांनी तीच पट्टी आपल्या पाळीसाठी वापरून पाहिली. लढाई संपली, कारखान्यात माल पडून राहिला, आणि १९२० साली अमेरिकेत त्याचेच पॅड करून विकायला काढले. म्हणजे ही वस्तू बायांनीच शोधली. कारखानदाराने फक्त पुडा केला आणि किंमत लावली.

किंमत हीच अडचण. तमिळनाडूत कोइंबतूर येथे अरुणाचलम मुरुगनंतम नावाचा एक गृहस्थ आहे. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली. वेल्डिंगच्या दुकानात काम करी. १९९८ साली लग्न झाले. बायको काहीतरी पाठीमागे लपवून नेते, असे त्याला एक दिवस दिसले. पाहतो तो मळकी चिंधी. पॅड का घेत नाहीस, असे त्याने विचारले. ती म्हणाली, ते घेतले तर घरचे दूध बंद करावे लागेल. त्याने एक पॅड विकत आणून फोडून पाहिले. आत जे होते ते पैशाचे, आणि बाहेर किंमत रुपयांची. मग तो मागेच लागला. वापरून पाहायला कोणी बाई तयार होईना, तेव्हा फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये बकऱ्याचे रक्त भरून, ते कमरेला बांधून, स्वतःच पॅड लावून गावात हिंडला. लोकांनी वेडा ठरवले. बायको माहेरी गेली, आई घर सोडून गेली. पण काही वर्षांनी त्याने साध्या हाताच्या कामाने पॅड तयार करणारी लहान यंत्रे बनवली. मोठ्या कारखान्याच्या यंत्रांना कोटी रुपये लागत, याच्या यंत्राला हजारांतच भागे. ती त्याने व्यापाऱ्यांना न विकता बायांच्या बचत गटांना दिली. बायकोही परत आली. २०१६ साली सरकारने त्याला पद्मश्री दिली. मागच्या बाकावरच्या गडी मंडळींनो, तो तुमच्यासारखाच गडी. बैल बांधायचे आहेत म्हणून उठला नाही.

सरकारनेही हळूहळू पावले उचलली. पूर्वी पॅडावर शंभराला बारा रुपये कर होता. कुंकवावर आणि बांगडीवर कर नव्हता, पॅडावर होता! बायांनी देशभर ओरड केली, तेव्हा जुलै २०१८ मध्ये तो उठवला. त्याच वर्षी ८ मार्चला आपल्या राज्यात अस्मिता योजना सुरू झाली होती. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड, आणि विक्री बचत गटांकडून, अशी ती योजना. २०१८ मध्येच जनऔषधी दुकानांतून अडीच रुपयांना एक पॅड मिळू लागले. ऑगस्ट २०१९ पासून ते एक रुपयाला झाले. आणि १५ ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून या एक रुपयाच्या पॅडाचा उल्लेख केला. लाल किल्ल्यावरून जे बोलता येते, ते तिवशाच्या वर्गात बोलायला काय हरकत आहे?

आता पाट्या घ्या. हिशोब करू. एका दिवसाला चार पॅड, पाच दिवस. चार पंचे वीस. बाजारातले साधे पॅड सहा रुपयांना धरू. वीस सक एकशे वीस रुपये महिना. घरात सासू सुटली असेल, पण सून आणि दोन नणंदा आहेत. म्हणजे तीनशे साठ. कापूस वेचणाऱ्या घराला हे जड आहे, मी नाही म्हणत नाही. पण जनऔषधीच्या भावाने तेच किती? तिघींचे मिळून साठ. आता दुसरा हिशोब. वीस रुपयांचा एक खर्रा, दिवसाला एक, तीस दिवस. किती झाले? बोला की! आता गडी माणसे का गप्प झाली? सहाशे. मी कोणाकडे बोट दाखवत नाही, नुसता गुणाकार दाखवतो.

अमरावतीला जाणे झाले की जनऔषधीच्या दुकानातून तीन-चार महिन्यांचे एकदमच आणावे. दोन-चार घरांनी मिळून आणले तर तिकिटाचा खर्चही वाटला जातो. दुकानदार काळ्या पिशवीत घालून देतो. साध्या पिशवीत मागा. औषधच घेतले आहे.

विकतच्या पॅडाची एक गोम आहे. त्यात प्लॅस्टिक असते. ते कुजत नाही. संडासात टाकले की पाइप तुंबतो, आणि तो मोकळा करायला कोणाला तरी हात घालावा लागतो. नाल्यात टाकले की कुत्री ओढून आणतात. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांची स्वच्छ नावाची संस्था आहे. रोज लोकांचे उघडे पॅड हाताने वेगळे करून त्या कंटाळल्या. २०१३ साली त्यांनी वापरलेल्या पॅडांची पोती भरून थेट पॅड बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवून दिली. घ्या, तुमचा माल तुम्हाला! पुढे त्यांनीच शिकवले की पॅड कागदात गुंडाळा आणि कागदावर लाल ठिपका काढा, म्हणजे वेचणारीला न उघडता कळेल. आपल्या गावातही कचरा उचलणाऱ्या बाया आहेत. कागद आणि लाल ठिपका, याला काही खर्च नाही. जिथे घंटागाडी येत नाही, तिथे विहिरीपासून दूर, हातभर खोल खड्ड्यात पुरावे. उघड्यावर जाळू नये, त्याचा धूर वाईट. जनऔषधीचे पॅड कुजणारे असतात असे सांगतात, तरी तेही पुरावेच. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्याचे. त्यांनी गावोगावचे रस्ते झाडले. घरातला हा एक कोपरा तेवढा खराट्याविना राहिला आहे.

आणखी एक वस्तू निघाली आहे, कप म्हणतात. मऊ सिलिकॉनची लहान वाटी, आत बसवायची, रक्त तिच्यात जमते. नीट सांभाळली तर दहा वर्षेही चालते. पाण्यात उकळून ठेवावी लागते. ज्यांना हवी त्यांनी आधी नर्सबाईंना विचारून घ्यावे. मला त्यातले याहून जास्त कळत नाही, म्हणून पुढे जातो.

कापड झाले, पॅड झाले. पण बदलायला जागा कोठे? सकाळी आठला वावरात गेलेली बाई संध्याकाळी घरी येते. वेचणीची मजुरी किलोवर. धुऱ्यापलीकडे आडोशाला जाऊन यायचे तर अर्धी ओटी कापूस बुडाला. म्हणून ती दिवसभर एकच कापड ठेवते, पाणीही पीत नाही. ज्यांच्या वावरात मजूर लागतात, त्यांनी बोरीजवळ चार काठ्या रोवून जुन्या ताडपत्रीचा आडोसा करावा, एक घागर पाणी आणि साबणाची वडी ठेवावी. फवारणीच्या औषधाला आपण हजारो रुपये घालतो.

जागा नसली की काय होते, ते बीड जिल्ह्याने दाखवले. तिथली जोडपी ऊस तोडायला परमुलखात जातात. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, आणि एक खाडा पडला की दंड. पाळीचा त्रास, अंगावरून जाणे, मजुरी बुडणे. काही डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली, आणि बायांनी गर्भाशयच काढून टाकले. २०१९ साली सरकारने चौकशी केली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. साधारण सहा बायांमागे एक! कित्येक तर चाळिशीच्याही आतल्या. मला हा आकडा वाचवला नाही, तरी फळ्यावर लिहितो. तुम्हीही उतरवून घ्या.

म्हणून दुखणे असेल तर लवकर सांगा. सात दिवसांपेक्षा जास्त रक्त जात असेल, तासा-दोन तासांत कापड भिजत असेल, वास येत असेल, ताप असेल, पोट असह्य दुखत असेल, किंवा पंधरा-सोळा वर्षांची होऊनही पोरीला पाळी आली नसेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. रक्त जास्त गेले की बाई पांढरी पडते, चढ चढताना धाप लागते. शाळेत आणि अंगणवाडीत मुलींना लोहाच्या निळ्या गोळ्या देतात, त्या खिडकीतून फेकू देऊ नका.

आता शाळेबद्दल एकच सांगतो. २००६ साली माझी बदली दुसऱ्या गावी झाली होती. जून महिन्यात एक बाई आपल्या मुलीचे नाव पाचवीत घालायला आली. हाताला कापसाच्या बोंडाचे ओरखडे. तिने वाकून नमस्कार केला. "गुरुजी, वळखलं का?" मी ओळखले. तिच्या भागाकारावरून नव्हे, ती मान खाली घालते त्यावरून. मला काय बोलावे सुचेना. तिनेही मागचे काही काढले नाही. दाखल्यावर सही केली, उठली, दारापर्यंत गेली आणि मागे वळून एवढेच विचारले, "गुरुजी, इथल्या संडासाले आतून कडी हाय का?"

कडी नव्हती. दारही एका बिजागरीवर लोंबत होते. त्याच दिवशी मी बाजारातून कडी आणि बिजागरी आणली आणि शिपायाला न सांगता स्वतः ठोकली. हात सरावाचा नव्हता, अंगठा चेचला. ती मुलगी त्या शाळेत सातवीपर्यंत शिकली, पुढे हायस्कुलात गेली. त्यापुढचे मला माहीत नाही, कारण माझी पुन्हा बदली झाली.

२००९ च्या शिक्षण कायद्याप्रमाणे सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असते, आणि तिच्यात निम्म्या बाया असाव्या लागतात. तुमच्यातल्या कोणी त्या समितीवर असतील. आता तुम्हाला वाचता येते. सभेचा कागद नुसता अंगठा लावायचा राहिलेला नाही. पुढच्या सभेत विचारा, मुलींच्या संडासाला कडी आहे का, नळाला पाणी आहे का, झाकणाची बादली आहे का. उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा आणि मग सही करा.

आजी अजून माझ्याकडे रोखून पाहत आहेत. "मास्तर, दोरीवर टाकलं तर येनारे-जानारे पायतीन नं!" पाहू द्या, आजी. आमच्या अंगणात पहिल्यांदा ती दोरी मी बांधली, तेव्हा मंडळींनी रुमालांवर एक पातळ ओढणी टाकली होती. पातळ आहे, ऊन जाते, म्हणून मी काही बोललो नाही. शेजारच्या भाऊंनी विचारले, "मास्तर, हे लहान लहान फडके कायचे?" मी सांगितले. ते "बरं बरं" म्हणून घाईने आत गेले. पंधरा दिवस त्यांनी आमच्या अंगणाकडे पाहिले नाही. मग एका सकाळी त्यांच्याही अंगणात, कुंपणाच्या आतल्या बाजूने, एक नवी दोरी दिसली. ओढणी मात्र त्यांची जाड होती. ते मी अजून त्यांना सांगायचे आहे.

येत्या बुधवारी आशाताई कैची आणि सुईदोरा घेऊन येणार आहेत. बायांनी जुने सुती कापड धुऊन आणावे. गडी माणसांनी येताना दहा-दहा हात सुतळी आणि दोन खिळे आणावेत. हातोडी माझ्याजवळ आहे.